एअर रायफल: सराव भरपूर, स्कोअर जागेवरच? मग सरावाचं प्लॅनिंग बदला

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत, बाकी गप्पा त्याच आहेत. विषय आहे १० मीटर एअर रायफल, आणि त्यातही एकच प्रश्न: अचूकता न घालवता वेग कसा वाढवायचा, आणि त्यासाठी सराव कसा आखायचा.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. मागच्या वर्षी आमच्या क्लबची वार्षिक स्पर्धा होती. मॅडमनी ठरवलं की शेवटी खरीखुरी फायनल घ्यायची, पॅरिस ऑलिम्पिकच्या पद्धतीने. म्हणजे आधी पाच-पाच शॉट्सच्या दोन सीरिज, प्रत्येकीला २५० सेकंद. मग एकेक शॉट, प्रत्येकाला ५० सेकंद, आणि दर दोन शॉट्सनंतर सगळ्यात कमी स्कोअरवाला बाहेर. मी शेवटच्या तिघांत पोहोचलो. ‘स्टार्ट’ झालं. रायफल उचलली, नेम धरला, होल्ड काही बसेना. बसेल, बसेल म्हणत धरून राहिलो. डोळ्यांपुढे काळा ठिपका पुसट व्हायला लागला, घड्याळ डोक्यात टिकटिक करत होतं, आणि ४६व्या सेकंदाला मी ट्रिगर ओढला. ८.४. खेळ खलास.

माझ्या शेजारच्या लेनवर अकरावीतली एक मुलगी होती. तिच्याकडे स्वतःची रायफल नाही. क्लबची रायफल तिघांत वाटून वापरतात, तिच्या वाट्याला दिवसाला जेमतेम ४० मिनिटं येतात. मी आठवड्यातून तीनदा दोन-दोन तास रेंजवर असतो. ती टिकली, मी बाहेर गेलो. नंतर सामान आवरताना मी म्हटलं, “एवढ्या कमी वेळात कसं काय जमवतेस गं?” ती म्हणाली, “दादा, मला वेळ कमी असतो म्हणून मी घरूनच ठरवून येते आज काय बघायचंय ते. तुम्ही काय बघता रोज?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी रोज ‘सराव’ करत होतो. ६०-७० पेलेट्स मारायचे, मॉनिटरवर आकडे बघायचे, चांगले आले की खूश, वाईट आले की आणखी वीस मारायचे. व्यवसायाने मी सॉफ्टवेअरवाला. ऑफिसात कुणी असं काम केलं असतं, म्हणजे बग कुठे आहे ते न शोधता प्रोग्राम पुन्हा पुन्हा रन करत बसला असता, तर मीच त्याला ओरडलो असतो.

आधी आकडे समजून घेऊ

एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो, पेन्सिलीने टेकवलेल्या टिंबाएवढा. पेलेट ४.५ मिलिमीटरचा. पेलेटची कड त्या ठिपक्याला शिवली तरी १०.० मिळतात. गणित केलं तर पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत हवा. दशांश पद्धतीत सगळ्यात चांगला शॉट १०.९, आणि पुढे प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ कमी होतो.

आता हेच रायफलच्या बाजूने बघा. पुढची आणि मागची साइट यांच्यात साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरलं, तर टार्गेटवरचे २.५ मिलिमीटर म्हणजे पुढच्या साइटची ०.२ मिलिमीटर हालचाल. कागदाच्या दोन पानांच्या जाडीएवढी. उभं राहून, पाच किलोच्या आसपासची रायफल धरून. त्यामुळे ‘हात एकदम स्थिर करतो’ हा विचारच सोडून द्या. हालचाल राहणारच. ती लहान करायची, आणि ती लहान असतानाच शॉट सोडायचा.

आता वेळ. क्वालिफिकेशनमध्ये ६० शॉट्सना ७५ मिनिटं असतात. तयारीची आणि साइटर्सची १५ मिनिटं वेगळी. म्हणजे एका शॉटला सरासरी ७५ सेकंद. फायनलमध्ये सीरिज असो की सिंगल शॉट, हिशेब ५० सेकंदांचा. एक तृतीयांश वेळ गेला. ज्याने सराव फक्त निवांत केलाय, त्याची गाडी इथे अडकते. माझी अडकली तशी.

जास्त वेळ धरून ठेवलं की काय होतं?

सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं की जितका जास्त वेळ नेम धरू तितका तो पक्का होईल. होतं उलटं. रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला, श्वास सोडून थांबलो, की काही सेकंदांत होल्ड बसतो. पुढचे थोडे सेकंद सगळ्यात चांगले. त्यानंतर श्वास थांबवल्याचा परिणाम जाणवायला लागतो, पाठीचे आणि पायांचे स्नायू कुरकुर करतात, आणि डोळा एकाच चित्राकडे टक लावून थकतो. वाईट गोष्ट ही की डोळा थकला तरी ते आपल्याला कळत नाही. मेंदू मघाचंच चांगलं चित्र दाखवत राहतो, आणि प्रत्यक्षात रायफल तिथून सरकलेली असते.

म्हणून कोच सांगतात: आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही, तर रायफल खाली घे. याला आमच्याकडे सरळ ‘रिजेक्ट’ म्हणतात. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. कारण खाली घेणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं.

पहिला आठवडा: काही सुधारायचं नाही, फक्त मोजायचं

त्या स्पर्धेनंतर मी मॅडमची परवानगी घेऊन मोबाइल ट्रायपॉडवर लावला आणि स्वतःचं शूटिंग बाजूने रेकॉर्ड केलं. फायनलसारखेच ५० सेकंदांचे २० शॉट्स. घरी येऊन प्रत्येक शॉटचे तीन वेळ लिहिले: ‘स्टार्ट’पासून रायफल उचलेपर्यंत किती, उचलल्यापासून गाल टेकेपर्यंत किती, आणि गाल टेकल्यापासून शॉटपर्यंत किती. शेजारी स्कोअर.

मला वाटत होतं माझा नेम हळू आहे. वहीने वेगळंच सांगितलं. गाल टेकायच्या आधीच माझे सरासरी २४ सेकंद उडत होते. मी काय करत होतो? आधीचा शॉट मॉनिटरवर पुन्हा बघत होतो. जॅकेट ओढत होतो. शेजारच्याचा स्कोअर डोकावत होतो. साइटला हात लावायचा की नाही, यावर मनात चर्चासत्र भरवत होतो. मग उरलेल्या वेळात नेमाची घाई, आणि होल्ड नाही बसला तर रिजेक्ट करायला वेळच नाही.

या एका गोष्टीसाठी मी हा भाग केलाय, म्हणून नीट ऐका: वेग नेमात शोधू नका, नेमाच्या आधी शोधा. नेमाला लागणारा वेळ तोच राहू दे. त्याच्या आधीचा फापटपसारा काढा.

आता ५० सेकंदांचा हिशेब बघा. पॅरिसच्या पद्धतीत ‘लोड’ म्हटल्यावर पाच सेकंदांनी ‘स्टार्ट’ होतं, म्हणजे पेलेट तोवर भरून होतो. रायफल उचलून पोझिशनमध्ये बसायला दहा-बारा सेकंद, नेमाला आठ-दहा. पंचविसाव्या सेकंदाच्या आत पहिला प्रयत्न पूर्ण होतो. जमला नाही तर खाली घ्या, एक श्वास घ्या, पुन्हा उचला. दुसरा प्रयत्न पंचेचाळिसाव्या सेकंदाच्या आत सहज बसतो. म्हणजे ५० सेकंदांत एक नाही, दोन संधी आहेत. अट एकच, पहिली संधी सोडायचा निर्णय वेळेवर घ्यायचा. माझी सीमा मी ३० सेकंद ठरवली. तिसाव्या सेकंदाला शॉट गेलेला नसेल तर रायफल खाली, वाद नाही.

आठवड्याचं वेळापत्रक

हे माझं आहे. तुमच्या कोचला विचारून तुमचं बनवा.

*घरी, चार दिवस, १५ मिनिटं: ड्राय फायर.* पेलेट न भरता फक्त पोझिशन, होल्ड आणि ट्रिगर. भिंतीवर कोरा पांढरा कागद लावतो, त्यावर काळा ठिपकासुद्धा नाही. ठिपका नसला की मन स्कोअरच्या मागे धावत नाही, ट्रिगर दाबताना पुढची रिंग हलते का एवढंच दिसतं. इथे दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, रायफल रिकामी आहे हे दर वेळी डोळ्याने तपासा, नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवा, आणि घरच्यांना सांगूनच सुरू करा. दोन, मॅचच्या रायफलींना ड्राय फायरची वेगळी सोय असते. साध्या स्प्रिंगच्या एअर रायफलीवर असं करू नका, पिस्टनची वाट लागते.

*रेंजवर, पहिला दिवस: होल्ड आणि पोझिशन.* यात नैसर्गिक नेम तपासणं सगळ्यात महत्त्वाचं. पोझिशन घ्या, डोळे मिटा, अंग सैल सोडा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. रिंग ठिपक्यावरच असेल तर उत्तम. बाजूला गेली असेल तर हाताने ओढून आणू नका, पाय सरकवा. हाताने ओढलेला नेम ट्रिगरच्या क्षणी मूळ जागी परत जातो, आणि मग आपण पेलेटला शिव्या घालतो.

*दुसरा दिवस: ट्रिगर आणि कॉल.* शॉट गेला की मॉनिटर बघायच्या आधी बोलायचं, कुठे गेला असेल. “दोन वाजता, ९.८.” मग बघायचं. कॉल आणि शॉट जुळले, पण शॉट वाईट असेल, तर तुम्हाला दिसत होतं तरी तुम्ही सोडलात. म्हणजे गडबड निर्णयात आहे. कॉल जुळलाच नाही, तर गडबड साइटमध्ये, पोझिशनमध्ये, नाहीतर फॉलो थ्रूमध्ये आहे. फॉलो थ्रू म्हणजे शॉट सुटल्यावरही दोन सेकंद तसंच राहणं. पेलेटचा वेग सेकंदाला साधारण १७० मीटर, म्हणजे १० मीटर जायला त्याला सेकंदाचे सहा शतांश लागतात. तो नळीबाहेर पडल्यावर तुम्ही काहीही करा, फरक पडत नाही. पण ‘आता बघू कुठे लागला’ म्हणून उठायची घाई शॉटच्या आधीच अंगात शिरते. म्हणून फॉलो थ्रू.

*तिसरा दिवस: घड्याळ.* मोबाइलवर टायमर, पाच सेकंद लोड, ५० सेकंद शॉट. दहा-दहा शॉट्सचे तीन गट. पहिल्या गटात प्रत्येक शॉटला पहिला प्रयत्न मुद्दाम रिजेक्ट करायचा, होल्ड कितीही छान असला तरी. दुसऱ्या प्रयत्नातच शॉट. हे केलं की रिजेक्टची भीती जाते. अंगाला कळतं की खाली घेऊनही वेळ उरतो. दुसऱ्या गटात नेहमीसारखे शॉट्स, पण तीस सेकंदांची सीमा पाळून. तिसरा गट मॅचसारखा. कुणाला तरी शेजारी उभं करा, मोठ्याने स्कोअर सांगायला लावा, जमलं तर हरणाऱ्याने चहा पाजायचा. चहाच्या पैजेनेसुद्धा नाडी वाढते हो, खोटं नाही सांगत.

प्रत्येक दिवशी शेवटचे दहा शॉट्स फक्त परीक्षेसाठी. त्यात काही बदलायचं नाही, फक्त नोंद करायची. आणि थकवा आला की थांबायचं. ‘आज शेवट चांगला करूनच जाणार’ म्हणून दमलेल्या अंगाने मारलेले जास्तीचे वीस पेलेट्स म्हणजे चुकीच्या सवयीची पक्की उजळणी. पैसे देऊन.

वहीत काय लिहायचं

सुरू करायच्या आधी एक ओळ: आजचा प्रश्न. “गाल टेकायच्या आधी मी किती वेळ घालवतो?” “ट्रिगर दाबताना रिंग उजवीकडे जाते का?” एकच प्रश्न, दोन नाहीत. एकाच दिवशी बटप्लेटही बदलली, पायांचं अंतरही बदललं, आणि स्कोअर वाढला, तर नेमकं कशाने वाढला ते कसं कळणार?

संपल्यावर तीन ओळी: उत्तर काय मिळालं, किती रिजेक्ट केले, उद्या काय बघायचं. स्कोअर लिहा, पण सगळ्यात खाली. आणि दहा शॉट्सच्या सरासरीवरून कोणताही निष्कर्ष काढू नका. दहा शॉट्स नशिबानेही चांगले येतात. किमान चाळीस-पन्नास शॉट्स जमले की मगच ‘फरक पडला’ म्हणा.

वेळ कमी करतानाही हाच नियम. आधी ७५ सेकंदांत सरासरी स्थिर झाली पाहिजे. मग पाच सेकंद कमी. सरासरी तीच राहिली तर आणखी पाच. पडली, तर एक पायरी मागे. मी ७५ वरून ५० वर यायला दोन महिने घेतले.

मोठ्यांच्या गोष्टीतून

घाई आणि वेग यांतला फरक समजून घ्यायचा असेल तर बीजिंग २००८ आठवा. एअर रायफलच्या फायनलमध्ये अभिनव बिंद्रा शेवटच्या शॉटआधी फिनलंडच्या हेन्री हॅकिनेनच्या बरोबरीत होता. शेवटचा शॉट १०.८, सुवर्ण. त्याच ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स ३.३ गुणांनी पुढे होता. शेवटच्या शॉटला त्याला ६.७ पुरले असते. नेम खाली ठिपक्याकडे येत असतानाच ट्रिगर दाबला गेला, ४.४. सुवर्ण गेलं, तो चौथा आला. एमन्स म्हणजे कच्चा गडी नव्हे, त्याच्याकडे आधीचं ऑलिम्पिक सुवर्ण होतं. सवयीची साखळी एका कडीने मोडली, एवढंच. पुढे लंडन २०१२ मध्ये त्याच प्रकारात त्याने कांस्य मिळवलं, हेही लक्षात ठेवा.

आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक, ५० मीटर थ्री पोझिशन. क्वालिफिकेशनमध्ये सातवा, आणि फायनलमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य. तिथे शेवटची पोझिशन उभ्याची, आणि शेवटचे शॉट्स एकेक, ५० सेकंदांचे. पुन्हा ती फायनल बघाल तेव्हा स्कोअर बघू नका. शॉट सुटल्यापासून पुढची रायफल खांद्याला लागेपर्यंत खेळाडू काय करतात ते बघा. प्रत्येक वेळी तेच, त्याच क्रमाने. फालतू हालचाल जवळजवळ शून्य.

मग माझं काय झालं?

खरं सांगायचं तर चमत्कार नाही झाला. सराव आखायला लागल्यावर पेलेट्स कमी लागले, आठवड्याला दोनशेच्या जागी सव्वाशे. चार महिन्यांत साठ शॉट्सचा माझा स्कोअर ५९८ च्या आसपासवरून ६०७ वर आला. राज्य पातळीवर गाजेल असा हा आकडा नाही. पण दीड वर्ष जो हलत नव्हता तो हलला.

यंदा क्लबची स्पर्धा पुन्हा झाली. मी चौथा आलो, म्हणजे मागच्यापेक्षा एक नंबर खाली. मुलं चांगली तयार झालीत! पण माझा शेवटचा शॉट ऐका. रायफल उचलली, होल्ड बसला नाही, चोविसाव्या सेकंदाला खाली घेतली. श्वास. पुन्हा उचलली. एकेचाळिसाव्या सेकंदाला शॉट, आणि मॉनिटर बघायच्या आधी तोंडातून आलं, “दहा, थोडा डावीकडे.” १०.३, डावीकडे. मागच्या वर्षी अशाच जागी ८.४ मारून बाहेर पडलो होतो. या वेळीही बाहेरच पडलो, पण का पडलो ते मला माहीत होतं: पहिल्या सीरिजमधले दोन ९.५. त्यांची नोंद वहीत आहे, आणि पुढच्या आठवड्याचा प्रश्न तिथूनच आलाय.

ती मुलगी आता बारावीत आहे, अजून क्लबच्याच रायफलीवर. परवा माझ्या लेनवर येऊन म्हणाली, “दादा, आज काय बघताय?” मी वही पुढे केली.

तुम्ही कुठल्याही क्लबमध्ये असा, नवे असा की जुने, या आठवड्यात एवढंच करा. कोचला विचारून वीस शॉट्स रेकॉर्ड करा, आणि गाल टेकायच्या आधीचा वेळ मोजा. फक्त मोजा. बाकीचं पुढच्या आठवड्यात. चला, भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि रायफल रिकामी आहे का, ते आधी बघा.